ताजचे तोंड कोणीकडे?

मुंबईत हेरिटेज वॉकला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानावर एक गोष्ट पडतेच. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल म्हणे उलटे बांधले गेले. विलायतेतल्या आर्किटेक्टने नकाशा पाठवला, इथल्या माणसांनी तो उलटा धरला, तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे झाली आणि ते बघून त्या बिचाऱ्याने जीव दिला. गोष्ट रंगतदार आहे आणि सांगायला दोन मिनिटे पुरतात, त्यामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण हॉटेलला पश्चिमेकडून वळसा घातला तर ती तिथल्या तिथे लटपटायला लागते. इमारतीचे दोन पंख शहराच्या बाजूला पुढे आलेले आहेत. त्यांच्यामध्ये, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, तिथे मूळचे प्रवेशद्वार होते. घोडागाड्या शहरातूनच येणार, त्यांनी समुद्राच्या बाजूला जाऊन करायचे काय? बंदराकडची लांबलचक बाजू त्यामुळे पूर्णपणे खोल्यांसाठी मोकळी राहिली, आणि समुद्र दिसणारी खोली हाच तर अशा हॉटेलचा विकाऊ माल. पश्चिमेचे वारे दोन पंखांच्या मधल्या जागेत घ्यायचे, हाही हिशेब त्यात होता. आता कागदपत्रे काय म्हणतात ते बघू. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरे होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. हॉटेल १९०३ मध्ये उघडले. ज्याच्यामुळे आज आपल्याला समुद्राची बाजू ‘पुढची’ वाटते तो गेटवे ऑफ इंडिया १९२४ चा, म्हणजे एकवीस वर्षांनी धाकटा. आत्महत्या करणारा विलायती आर्किटेक्ट या हकिकतीत कुठेच बसत नाही.

मोठ्या शहराचा इतिहास सामान्य माणसापर्यंत पोचवण्याचे दोन मार्ग सध्या चलतीत आहेत, सभागृहातले व्याख्यान आणि रस्त्यावरची फेरी. फेरीच्या वाट्याला अलीकडे कौतुक जास्त येते, आणि ते कौतुक बहुधा तिथे किती मजेदार गोष्टी ऐकायला मिळाल्या यावरून होते. हे माप चुकीचे आहे. गोष्टी घरबसल्याही ऐकता येतात. फेरीत आणखी एक सोय असते, ती दुसरीकडे कुठेही नाही. सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते ती वस्तू, दोघेही एकाच वेळी समोर उभे असतात. ऐकलेले वाक्य तिथल्या तिथे भिंतीशी, खिडकीशी, वाऱ्याच्या दिशेशी ताडून पाहता येते. तेव्हा चांगली फेरी कोणती, तर जी श्रोत्याला असे ताडून पाहायला शिकवते ती. बाकीच्या फेऱ्या म्हणजे चालत चालत ऐकलेले कीर्तन. कीर्तनात वाईट काही नाही, पण बुवांना पुरावा विचारायची तिथे पद्धत नसते.

यावर कोणी म्हणेल, दंतकथांनी कोणाचे काय बिघडते? त्या असतात म्हणून तर रविवारी सकाळी माणसे अंथरुणातून उठून फोर्टात येतात. ताजच्या गोष्टीकडे पुन्हा नीट पाहिले की बिघडते काय ते कळते. तिच्यात विलायतेचा माणूस हुशार आहे आणि इथला कारागीर नकाशा उलटा धरणारा अडाणी. प्रत्यक्षात आराखडाच इथल्या माणसांचा होता. हे वैद्य काही हवशे-नवशे नव्हते. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधताना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून त्यांनी काम केले होते. एक करमणुकीची गोष्ट एका मराठी अभियंत्याला पुसून टाकते आणि त्याच्या जागी एक काल्पनिक साहेब उभा करते. हॉटेलची दुसरी प्रसिद्ध दंतकथा, वॉटसन्स हॉटेलात जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज उभारले ही, तुलनेने निरुपद्रवी आहे, पण अभ्यासकांना तीही शंकास्पद वाटते. शिवाय तिच्यापायी वॉटसन्सची खरी नवलाई मागे पडते. काळा घोड्याजवळच्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आला आणि १८६९ पर्यंत इथे उभा राहिला. १८९६ च्या जुलैत ल्युमिए बंधूंची चलत्‌चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती इथेच. कित्येक वर्षे दुरवस्थेत पडलेल्या या इमारतीबद्दल लोकांना एवढेच आठवावे की इथे टाटांचा अपमान झाला म्हणतात, हे काही बरे नाही.

ताडून पाहायचे म्हणजे काय, याचा नमुना ओव्हल मैदानावर मिळतो. मैदानाच्या पूर्वेला जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय अशी गॉथिक इमारतींची रांग आहे. सगळ्या १८७० च्या दशकात पुऱ्या झालेल्या. सगळ्यांचा दर्शनी डौल पश्चिमेला, मैदानाकडे. उघडे सज्जे आणि कमानींच्या ओळीही त्याच अंगाला. दुपारच्या उन्हाकडे तोंड करून कोणी उगाच बसत नाही. समोर आज तीस-चाळीसच्या दशकांतल्या चार-पाच मजली इमारती दिसतात, पण त्या जागी आणि त्यांच्या पलीकडे तेव्हा बॅकबेचा समुद्र जवळ होता, किनाऱ्याच्या कडेने रेल्वेचे रूळ जात होते आणि वारा थेट या सज्ज्यांत येत होता. मग पाठीकडे काय होते? पाठीकडे कोट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोटाचे तट पाडायला घेतले, त्यासाठी रॅम्पार्ट रिमूव्हल कमिटी नेमली, आणि तट व खंदक गेल्यावर जी लांबट पट्टी मोकळी झाली तिच्या कडेने ही सरकारी रांग बसवली गेली. तट गेला तरी त्याची रेघ पुसली गेली नाही. रॅम्पार्ट रो, चर्चगेट, बाझारगेट ही नावे ज्या ठिकाणी रेंगाळतात ती एकमेकांना जोडत चालले की कोटाचा घेर पायांखाली येतो. फ्लोरा फाउंटनवर एकदम रस्ते फाकतात आणि आभाळ मोठे होते, कारण तिथेच चर्चगेटचा दरवाजा होता. आत बाझारगेटकडे वळले की तेच रस्ते आवळतात. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात फोर्ट जॉर्जचा एक तुकडा अजून उभा आहे. नकाशावर ही माहिती मिळते. पण रस्ता आवळल्याचे आणि सैल झाल्याचे खांद्यांना जे कळते, ते नकाशा कळवू शकत नाही.

मैदानाच्या पश्चिमेची रांग दुसऱ्या काळातली. इथे समुद्र हटवून जमीन काढण्याचा पहिला उद्योग १८६० च्या दशकात कापसाच्या पैशावर झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचे शेअर वेड्यासारखे चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सगळे कोसळले. भराव पुन्हा सुरू झाला तो १९२० च्या दशकात. त्या जमिनीवर तीसच्या दशकात आर्ट डेको इमारती आल्या. गुळगुळीत गोलाई, पुढे आलेली छज्ज्यांची पट्टी, जहाजाच्या कठड्यासारखे कठडे. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना मिळून, एकूण ९४ इमारतींसह, जागतिक वारशाचा दर्जा दिला. दोन शैली म्हणजे दोन वेगळी जगे असे वाटते खरे, पण रीगल चित्रपटगृहाचा आर्किटेक्ट चार्ल्स स्टीव्हन्स हा व्हिक्टोरिया टर्मिनसवाल्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचाच मुलगा. बापाने दगडात घुमट उभारला, मुलाने सिमेंटात वातानुकूलित थेटर. मधे एक पिढी गेली, बाकी ग्राहक तेच होते, पैसेवाले मुंबईकर.

आता मुख्य आक्षेप. हे सगळे साम्राज्याचे कौतुक नव्हे काय? गॉथिक कमानींखाली उभे राहून ‘काय सुंदर बांधून गेले’ म्हणायचे, हा गुलामगिरीचाच उमाळा नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. बऱ्याच फेऱ्यांचा सूर खरोखरच तसा असतो, आणि राणीचे, गव्हर्नरचे नाव घेताना सांगणाऱ्याचा आवाज किंचित मऊ होतो. पण उपाय इमारतींकडे पाठ फिरवण्यात नाही, त्या अधिक जवळून पाहण्यात आहे. पैसा कोणाचा? विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये प्रेमचंद रायचंद यांनी दिले, आईचे नाव त्यावर लागावे म्हणून. दीक्षान्त सभागृहाची देणगी कावसजी जहांगीर रेडीमनी यांची. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा खरा, पण ते मुंबईत एकदाही आले नाहीत. हात कोणाचे? मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच सहायक अभियंत्याने घडवलेले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या नक्षीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि त्याच्या दर्शनी भागावरच्या मुखवट्यांत रेल्वेच्या गोऱ्या संचालकांच्या बरोबरीने जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाय आहेत. रोज लाखो माणसे त्यांच्या नाकासमोरून लोकल पकडायला धावतात. ‘साहेबाने बांधले’ हे वाक्य या भिंतीसमोर उभे राहून म्हणणे अवघड जाते. १९३६ च्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीपाशी तर ते हास्यास्पदच ठरते. आर्किटेक्ट मास्टर, साठे आणि भुता, दर्शनी भागावरची शिल्पे ना. ग. पानसरे यांची, आणि विषय शेतकरी, कारागीर, कष्टकरी.

दगडही बोलका असतो, फक्त त्याला हात लावून बघावे लागते. व्हिक्टोरियन मुंबईत भिंतींना बहुधा जवळचा कठीण दगड वापरला, कुर्ल्याचा किंवा मालाडचा. मालाडचा पिवळसर, त्यामुळे संध्याकाळी इमारती उजळल्यासारख्या दिसतात. पण असल्या दगडावर बारीक पाने-फुले कोरायला छिन्नी आणि मजुरी दोन्ही फार लागतात. म्हणून नक्षीच्या जागी अनेक ठिकाणी पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड बसवला. मुंबईच्या खाऱ्या, ओल्या हवेत आज हाच दगड आधी झिजतो. एकाच खांबाचे अंग टणक, धारदार राहिलेले आणि माथ्यावरच्या पोपटाची चोच मात्र विरघळून गेलेली, असे दृश्य त्यामुळे दिसते. पुरातत्त्वाच्या पुस्तकात याला एक परिच्छेद मिळेल. खांबापाशी उभे राहणाऱ्याला त्यातून खाणीचे अंतर, पाथरवटाची मजुरी आणि समुद्राची हवा या तिन्हींचा हिशेब एकदम लागतो.

उच्च न्यायालयाच्या खांबावर एक माकड आहे. एका डोळ्यावर पट्टी, हातात न्यायाचा तराजू. जवळपास वकिलाचा गळपट्टा घातलेला कोल्हाही आहे. गोष्ट अशी सांगतात की बांधकामातला एक पारशी कंत्राटदार कोर्टात खटला हरला आणि त्याने असा सूड उगवला. असेलही. पण मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक चर्चांच्या खांबांवर असली टवाळ जनावरे पूर्वीपासून कोरलेली आहेत, आणि ज्या शैलीत इमारत बांधली त्या शैलीबरोबर तिची थट्टाही आली असणे अगदी शक्य आहे. त्यासाठी कोणी खटला हरायची गरज नव्हती. जाणता मार्गदर्शक इथे दोन्ही शक्यता सांगतो, कोणत्या बाजूला काय पुरावा आहे ते सांगतो आणि थांबतो. श्रोत्यांना थोडे रुखरुखते. रुखरुखू द्यावे.

फोनवर सगळे दिसत असताना पाय कशाला झिजवायचे, असाही एक सवाल असतो. राजाबाई टॉवरच्या पुतळ्यांपुरता तो रास्त आहे. वरच्या अंगाला असलेले ते पुतळे खालून धड दिसत नाहीत, छायाचित्रात मात्र पगडीची घडीसुद्धा दिसते. फेरीला जे दिसत नाही त्याची यादी खरे तर मोठी आहे. कापसाचा भाव दिसत नाही. १८०३ ची कोटातली मोठी आग दिसत नाही, जिच्यानंतर बाहेरची वस्ती वाढत गेली. १८९६ ची प्लेगची साथ तर मुळीच दिसत नाही, आणि मुंबईचे आजचे रूप तिच्याशिवाय समजत नाही. म्हणूनच नुसती फेरी पुरत नाही. तिच्याआधी तासभराचे व्याख्यान हवे, ज्यात आकडे, नकाशे, जुनी छायाचित्रे दाखवता येतील. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये किंवा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अशी बोलणी होतात. श्रोते मग घरी जातात, आणि फेरीला येतात ते बहुतेक दुसरेच लोक. दोन्ही कार्यक्रम एकमेकांना जोडणे एवढे अवघड नसावे.

प्लेगचेच उदाहरण घेऊ, कारण फोर्टाबाहेर पडायचे तर वाट इथूनच जाते. साथीने घाबरलेल्या सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला नवी उपनगरी वसाहत आखली. परळच्या पोयबावडीला ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशके राहिले, आणि नंतर ते गेले ते दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात. दोन्ही जागा एकाच ट्रस्टच्या योजनेतल्या. हे अंतर चालत कापता येते. चाळीची अरुंद खोली आणि पुस्तकांसाठी म्हणून बांधलेले ते घर पाठोपाठ बघितले, की शहरसुधारणा कोणासाठी काय होती हे कळायला आणखी वेगळे भाष्य लागत नाही. पुढची जोडी याहून बोचरी आहे. १९२० च्या दशकात बॅकबे भरणाऱ्या सरकारी डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनेच वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला गिरणी कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. म्हणूनच त्या बीडीडी चाळी. मजल्यावर मधे बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सामायिक. दहा-पंधरा वर्षांनी त्याच खात्याने काढलेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्हला घरटी स्नानगृह आणि लिफ्ट असलेली घरे उठली. काँक्रीट दोन्हीकडे तेच. जागतिक वारशाच्या यादीत एकच बाजू गेली आणि दुसरी सध्या पुनर्विकासासाठी पाडली जात आहे. चाळकऱ्यांना मोठे घर मिळावे यात वाद नाही. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्यांना वारशाच्या नावाखाली तिथेच ठेवा असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण पाडण्याआधी चाळीचा मजला, बोळ, नळावरची वेळ, सणाचा मांडव यांची नोंद व्हायला हवी, आणि ती नोंद घेण्याचे काम ऐकत, विचारत चालणाऱ्या माणसांना सहज जमेल.

इथे शेवटचा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. चाळीत, वस्तीत फेऱ्या न्यायच्या म्हणजे माणसांच्या राहण्याचा तमाशा करायचा. कोणी धुणे वाळत घालते आहे आणि वीस अनोळखी माणसे कॅमेरे घेऊन खाली उभी आहेत, हे कोणालाही आवडणार नाही. उत्तर असे की इथे फेरी आणि व्याख्यान यांची कामे उलटी करावीत. फेरीने रस्त्यावरच राहावे, गिरणीची चिमणी, बाजार, नाका, चाळीचा दर्शनी भाग बघावा. आतले सांगणे मात्र तिथे राहिलेल्या माणसाने, त्याच्या इच्छेने, गल्लीतल्या सभागृहात करावे. १९८२ च्या गिरणी संपाचे शहर ज्यांनी घरात बसून सोसले त्यांच्याइतका दुसरा साधन-ग्रंथ नाही, आणि ते मराठीत बोलतात. बहुतेक फेऱ्या आज इंग्रजीत आणि फोर्टात चालतात, त्यामागे पैसे देणाऱ्या श्रोत्याचा हिशेब आहे हे उघड आहे. पण मराठीला या विषयात नवखे असल्यासारखे वागायचे कारण नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे आहे, म्हणजे कोटाचे तट पडत होते त्याच सुमाराचे, आणि आचार्य-शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा. व्याख्यान ऐकायला मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली आणि गावोगावी तिच्या नकला झाल्या. दादर, गिरगाव, परळच्या ज्या व्याख्यानमाला दर वर्षी वक्ते शोधत असतात त्यांनी एक संध्याकाळ आपल्याच विभागाला द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, त्याच श्रोत्यांना घेऊन बाहेर पडावे. वक्त्याने आदल्या रात्री सांगितलेले खरे की खोटे, ते चाळीच्या जिन्यापाशीच विचारता येईल.